ॲड्रिनलची गाठ काढून तीन वर्षं झाली, बीपीही नॉर्मल. तरी दरवर्षी तपासणी करायची का?

तापीकाठची

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

माझे वडील (आप्पा), वय ६१, रावेर तालुक्यात केळीची शेती. चार वर्षांपूर्वी त्यांना झटके यायला लागले. फिट नव्हे. बसल्या जागी डोकं ठणकायचं, छातीत धडधड आणि घाम असा की बंडी पिळून घ्यावी. पंधरा-वीस मिनिटांत सगळं शांत, की हे परत बागेत. कोणी म्हणालं पित्त, कोणी म्हणालं ऊन बाधलं. आईने मीठ-मोहरी ओवाळून टाकली. एकदा झटका चालू असताना गावातल्या डॉक्टरांनी बीपी घेतलं तर २३०/१२०. अर्ध्या तासाने १३०/८०. मशीन बिघडलं म्हणून विषय संपला. असं दोनदा झालं!

शेवटी दुसऱ्याच कारणाने केलेल्या सोनोग्राफीत उजव्या मूत्रपिंडाच्या डोक्यावरच्या ॲड्रिनल ग्रंथीत ५ सेंमीची गाठ निघाली. निदान फिओक्रोमोसायटोमा (थोडक्यात फिओ), म्हणजे ॲड्रिनॅलिनसारखे हार्मोन सोडणारी गाठ. हे नाव पाठ व्हायला आम्हाला आठवडा लागला. आप्पा अजून "फिरोजबाई" म्हणतात.

मुंबईला दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. आधी दोन आठवडे प्राझोसिन (रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी), आणि सोबत मीठ-पाणी भरपूर घ्यायचं. बीपीच्या पेशंटला मीठ वाढवा सांगणारा डॉक्टर आम्ही पहिल्यांदाच पाहिला. तेव्हापासून झटका नाही, बीपीची गोळी नाही.

आता अडचण. डिस्चार्जच्या कागदावर शेवटची ओळ आहे: दरवर्षी मेटानेफ्रिन तपासणी (गाठीच्या हार्मोनपासून शरीरात जे बनतं ते मोजायचं), किमान दहा वर्षं. दोन वर्षं कशीबशी नेली. भुसावळहून रात्रीची गाडी, दोन दिवस मुक्काम, सगळा खर्च. या वर्षी आप्पा अडून बसलेत. "मले काय झालं आता? कायले जाचं मुंबईले?"

तर प्रश्न असे: गाठ काढल्यावर ही तपासणी खरंच लागते का? जळगावातच होऊ शकते का? आणि मागच्या वेळी लॅबच्या कागदावर लिहिलं होतं की आधी तीन दिवस केळी बंद. केळीवाल्या माणसाला. आप्पांचा विश्वास उडाला तो तिथेच.

भुसावळकर

ताई, तीन दिवस केळी बंद म्हणजे रावेरच्या माणसाला सूतक.
बाकी जाणकार सांगतीलच. वाचतोय.

नाना_चाळीसगाव

स्पष्ट बोलतो, राग नसावा. गाठ काढली, तपासली, कॅन्सर नाही निघाला ना? मग झालं की. ही दरवर्षीची वारी म्हणजे पेशंट सुटू नये म्हणून बांधलेलं दावं आहे. माझ्या साडूला गुडघ्याच्या ऑपरेशननंतर चार वर्षं बोलावत होते, दर वेळी एक्स-रे, दर वेळी फी. पाचव्या वर्षी गेला नाही. काय झालं? काही नाही. बीपीचं मशीन घरी आणा, आठवड्याला मोजा, वाढलं तर जा.

ओसरी

नानांशी अर्धी सहमत, कारण माझीही गाठ ॲड्रिनलचीच.

मुतखड्याच्या दुखण्यासाठी सीटी केला (आमच्या पाचोऱ्याच्या पाण्याची कृपा, दर घरात एक खडा). खडा राहिला बाजूला, रिपोर्टात "डाव्या ॲड्रिनलमध्ये १.८ सेंमी गाठ". रात्रभर झोप नाही. आमच्या आधीच्या डॉक्टरांनी दर सहा महिन्यांनी सीटी करायला लावला. असे चार सीटी झाले. मग नाशिकला एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे (हार्मोनच्या तज्ज्ञाकडे) गेले. त्यांनी पहिलाच जुना सीटी उजेडात धरला आणि म्हणाले, ही चरबी असलेली गाठ आहे, हाउन्सफिल्ड आकडा (सीटीवर गाठ किती घट्ट दिसते तो) ४, दहाच्या खाली आहे. मग एक रक्ताची तपासणी. रात्री ११ वाजता डेक्सामेथासोन या स्टेरॉइडच्या अर्ध्या मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, सकाळी ८ ला कॉर्टिसोल (ॲड्रिनलचं हार्मोन). ते १.८ मायक्रोग्रॅम/डेसीलिटरच्या खाली आलं, म्हणजे गाठ जास्तीचं सोडत नाही. मला बीपी आहे म्हणून अल्डोस्टेरॉन-रेनिन (बीपी वाढवणारी हार्मोन) हेही केलं. सगळं नीट. म्हणाले, आता परत सीटी करू नका, घरी जा. म्हणजे फॉलो-अपचा अतिरेक होतो हे खरं.

नाना_चाळीसगाव

बघा. मी काय म्हणत होतो!

डॉ_पारोळा

थांबा नाना, घाई करू नका. (मी एमडी मेडिसिन, एंडोक्राइनचा तज्ज्ञ नाही, पण असे पेशंट पाहिलेत.)

ओसरीताईंना जे सांगितलं ते बरोबर. गाठ एकसारखी दिसते, आकडा १० किंवा कमी आहे आणि हार्मोन सोडत नाही, तर २०२३ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनाही पुढे सीटी नको असंच म्हणतात. त्यांचे चार सीटी खरोखर जास्त झाले.

पण आप्पांची गाठ वेगळ्या जातीची. ॲड्रिनलचं बाहेरचं साल आणि आतला गर यांचा कारभार वेगळा. ओसरीताईंची गाठ सालातली, गप्प बसलेली. आप्पांची गरातली, ॲड्रिनॅलिनच्या भावंडांना रक्तात सोडणारी. आणि "कॅन्सर नाही निघाला" हे वाक्य फिओला लावता येत नाही. मायक्रोस्कोपखाली बघून ही गाठ पुढे पसरेल की नाही हे ठामपणे सांगता येत नाही, म्हणून २०१७ पासून डब्ल्यूएचओच्या वर्गीकरणात या गाठीला साधी म्हणणंच सोडलंय. बहुतेकांना परत होत नाही. ज्यांना होतं त्यांना कधी कधी दहा-पंधरा वर्षांनीही होतं.

म्हणून मेटानेफ्रिन: ऑपरेशननंतर दोन ते सहा आठवड्यांत एकदा, मग दरवर्षी, किमान दहा वर्षं. तरुण पेशंट, मोठी गाठ किंवा आनुवंशिक प्रकार असेल तर जन्मभर. घरचं मशीन चांगलंच, पण बीपी नॉर्मल असतानाही गाठ परत आलेली असू शकते. आप्पांचं बीपी झटका नसताना १३०/८० होतंच ना?

गुडघ्याशी तुलना नको.

झणझणीत_धुळे

डॉक्टरसाहेब, साल आणि गर समजला. एक शंका: ऑपरेशनआधी मीठ वाढवायचं तर शेवभाजी चालते का? माझ्या काकांना तेव्हा नाशिकच्या दवाखान्यात नुसतं सूप देत होते. बिचारा माणूस बीपीने नाही, चवीने खंगला.

भुसावळकर

अवांतर: शेवभाजी धुळ्याची का जळगावची, यावर वेगळा धागा काढा. इथे गाठी सोडवू द्या.

डॉ_पारोळा

मीठ-पाणी वाढवतात ते अल्फा ब्लॉकर (आप्पांची प्राझोसिन त्यातलीच) सुरू केल्यावर. गाठीमुळे आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल होतात, मग आत पाणी भरावं लागतं, नाहीतर गाठ निघाल्यावर बीपी दाणकन खाली येतं. आपल्या मनाने करू नका. शेवभाजीवर मत राखून ठेवतो, घरी धुळ्याचीच आहे.

अमळनेरची_सून

माझी तिसरीच तऱ्हा, लिहितेच.

माझी गाठ कॉर्टिसोल सोडणारी, कुशिंग. तोंड गोल, पोटावर जांभळ्या रेघा, साखर, बीपी, जरा धक्का लागला तरी हातावर निळे डाग. सासूबाई म्हणायच्या, सून अंगाला लागली. दोन वर्षांनी डावी ग्रंथी काढली. मला वाटलं सुटले. खरी गंमत पुढे.

इतकी वर्षं एक ग्रंथी एवढं कॉर्टिसोल सोडत होती की दुसरी काम सोडून झोपी गेलेली. ती जागी होईपर्यंत बाहेरून हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे कॉर्टिसोलचीच गोळी. मला १४ महिने लागले. दर काही महिन्यांनी सकाळची गोळी न घेता कॉर्टिसोल तपासायचं. या काळात गोळी एकदम बंद करायची नाही, ताप आला तर दुप्पट, उलट्या झाल्या तर इंजेक्शन. हे डिस्चार्जच्या वेळी सांगितलं होतं म्हणे. मला आठवत नाही. आम्ही तेव्हा बिलाच्या रांगेत होतो.

मग मे महिन्यात दिराचं लग्न. ऊन काय ते तुम्हाला सांगायला नको. पंगतीनंतर रात्री उलट्या-जुलाब. सकाळची गोळी बाहेर, परत घेतली, परत बाहेर. दुपारी उठता येईना. जवळच्या दवाखान्यात नेलं, बीपी ७०, साखर ५०. ऊन लागलं म्हणून सलाइन लावलं. दोन बाटल्या गेल्या तरी बीपी हलेना. मिस्टरांना तेवढ्यात फाइल आठवली. गाडी काढून घरी गेले, फाइल आणली. त्या डॉक्टरांनी पहिलं पान वाचलं आणि कंपाउंडरला ओरडले, "एफकॉर्लिन आण, शंभर!" (हायड्रोकॉर्टिसोनचंच इंजेक्शन.) तासाभरात मी उठून पाणी मागितलं.

त्या दिवसापासून पर्समध्ये चिठ्ठी, मराठीत, मोठ्या अक्षरात: "मला स्टेरॉइडची गोळी चालू आहे. बेशुद्ध झाले किंवा उलट्या होत असतील तर हायड्रोकॉर्टिसोन १०० मिग्रॅ इंजेक्शन द्या." आणि घरात एक इंजेक्शन, फ्रिजच्या वर, फडक्यात गुंडाळलेलं. मिस्टर संत्र्यावर सुई टोचायला शिकले.

आता गोळी बंद होऊन तीन वर्षं झाली. चिठ्ठी अजून पर्समध्येच आहे.

बिनधास्त_बोदवड

वहिनी, अंगावर काटा आला.
एक विचारू? आमच्या भागात गुडघेदुखीवर पुड्या देतात. दोन दिवसांत माणूस पळायला लागतो. मामा दोन वर्षं घेत होते, तोंड असंच गोल झालंय.

डॉ_पारोळा

बोदवडकर, अशा कित्येक पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं निघतं. परिणाम तोच, दोन्ही ग्रंथी झोपतात. आणि घाबरून पुडी एकदम बंद केली तर वहिनींचं लग्नघर होतं. मामांना पुडी हातात घेऊन फिजिशियनकडे न्या, लाज वाटून लपवू देऊ नका.

पिपेट

मी जळगावात लॅबमध्ये आहे (नाव विचारू नका, जाहिरात होईल). ताईंच्या दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो.

मुंबईला जायची गरज नाही. तपासणी मुंबईतच होईल, पण जाईल तो नमुना, आप्पा नाही.

दोन प्रकार. रक्तातलं मेटानेफ्रिन: सकाळी उपाशीपोटी यायचं, २०-३० मिनिटं आडवं पडायचं आणि आडवं असतानाच रक्त घ्यायचं. खुर्चीत बसवून घाईत घेतलं तर आकडा उगाच वर येतो आणि घरी रडारड. लॅबला फोन करून आधी विचारा, "झोपवून घेता का?" समोरचा हसला तर दुसरी लॅब बघा. रक्त लगेच बर्फात ठेवून फिरवावं लागतं, तेही विचारा.

दुसरा प्रकार, २४ तासांची लघवी. लॅब एक कॅन देते, तळाला थोडं ॲसिड असतं. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि ती वेळ कॅनवर लिहायची. त्यानंतरची दिवस-रात्रीची प्रत्येक, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची पहिली, ही कॅनमध्ये. थेट कॅनमध्ये नाही! मगात घेऊन सावकाश ओतायची, ॲसिड उडतं. कॅन थंड जागी ठेवायचा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये थंड जागा म्हणजे फ्रिज नाहीतर थर्माकोलचा बर्फाचा डबा.

एक आजी कॅन घेऊन आल्या, चकचकीत. म्हणाल्या, "बाळा, तळाशी घाण पाणी होतं, मी विमने धुऊन घेतला."

आता केळी. केळ्यात स्वतःचंच डोपामिन आणि भावंडं असतात. जुनी व्हीएमए नावाची लघवीची तपासणी होती, तिला केळी, कॉफी, व्हॅनिला, चॉकलेट सगळं बाधायचं. मेटानेफ्रिनला तेवढं बाधत नाही, पण कागद बहुतेक ठिकाणी तोच छापतात. काही लॅब सोबत मेथॉक्सीटायरामिन (डोपामिनपासून बनणारं) मोजतात, त्याला मात्र केळं नक्की बाधतं. तेव्हा आप्पांना सांगा, लॅब केळ्याच्या विरोधात नाही, उलट केळ्यात दम आहे म्हणूनच बंदी.

केळ्यापेक्षा गोळ्या बघा. झोपेसाठी किंवा पायाच्या आगीसाठी अमिट्रिप्टिलीन चालू असेल, सर्दीची गोळी घेतली असेल तर आकडा खोटा वर जातो. बंद करायचं ते डॉक्टरांना विचारूनच.

भुसावळकर

विमने!!!
(आमच्या गार्डच्या डब्यात असं काही पार्सल नेलं असतं तर चौकशी समिती बसली असती.)

तापीकाठची

@पिपेट, दंडवत. आप्पांना अमिट्रिप्टिलीन चालू आहे, पायाच्या आगीसाठी, सहा महिने झाले. हे कोणीच विचारलं नव्हतं.

सातपुडा

उशिरा आलो. आम्ही शहाद्याचे, आमचं मोठं दुखणं सुरतला जातं, मुंबई लांब पडते.

ताई, एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो. माझ्या भावाला २४ व्या वर्षी फिओ झाला. गाठ काढली, तब्येत ठणठणीत. कागदावर फक्त "बीपी बघत राहा". आम्हीही बघत राहिलो. सहा वर्षांनी दुसऱ्या बाजूला गाठ. या वेळच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, जनुकांची तपासणी झाली का? आम्ही एकमेकांकडे बघितलं. केली तर व्हीएचएल निघालं, घराण्यात चालणारा, ठिकठिकाणी गाठी करणारा जनुकांचा आजार. डोळ्याचा पडदा, मेंदू, मूत्रपिंड, सगळीकडे लक्ष ठेवावं लागतं त्यात.

मग आम्हा भावंडांची रक्ततपासणी. मला नाही. बहिणीला आहे. तिची गाठ एक सेंमीची असताना सापडली, एक झटका यायच्या आधी. भावाच्या दोन्ही ग्रंथी गेल्या. तो जन्मभर हायड्रोकॉर्टिसोन आणि फ्लुड्रोकॉर्टिसोनवर. अमळनेरच्या वहिनींची चिठ्ठी त्याच्याही खिशात असते, आमची गुजरातीतसुद्धा आहे.

आमची मायसुद्धा तेव्हा म्हणे, "पोरले काही व्हयेल नही, काबर दवाखानामा पैसा घालतस?" तिचं चुकलं नाही, आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

डॉ_पारोळा

सातपुडा यांनी नेमकं बोट ठेवलं. फिओच्या साधारण तीन रुग्णांमागे एकाला जन्मतःच जनुकातला दोष असतो, घरात कुणाला नसला तरी. म्हणून तपासणी प्रत्येकालाच सुचवतात, ६१ वर्षांच्या आप्पांनाही. एसडीएचबी नावाचा दोष असेल तर पसरण्याचा धोका जास्त, मग लक्ष ठेवण्याची पद्धतच बदलते. ताई, यात तुमचाही प्रश्न आहे हं, फक्त आप्पांचा नाही.

नाना_चाळीसगाव

सातपुडा भाऊ, वाचून गप्प झालो. कट प्रॅक्टिसबद्दलचं माझं मत कायम आहे, पण या गाठीला ते लावणार नाही. साडूला मात्र मी बरोबरच सांगितलं होतं.

झणझणीत_धुळे

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर, याच्या शवविच्छेदनात दीड सेंमीचा फिओ निघाला होता, १९६९ साली. बीपीसाठी एवढे डॉक्टर दिमतीला, आणि गाठ सापडली गेल्यावर. आणि आपल्या गावच्या डॉक्टरला मशीन बिघडलं वाटलं तर आपण हसतो.

ओसरी

खर्चाचं कुणी बोललं नाही. ऑपरेशन जन आरोग्य योजनेत झालं असेल तर काही आजारांना फॉलो-अपचंही पॅकेज असतं. दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला कागद दाखवून विचारा. नसेल तर नाही म्हणेल, विचारायला पैसे पडत नाहीत.

तापीकाठची

तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय.

मुंबईच्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलले. अमिट्रिप्टिलीन हळूहळू कमी करून दोन आठवडे बंद ठेवायला सांगितली, पायाच्या आगीवर दुसरी गोळी दिली. मग २४ तासांचा कॅन. आईने फ्रिजला हात लावू दिला नाही, "त्यात दूध आहे, देवाचं लोणी आहे". शेवटी फवारणीची औषधं आणायचा थर्माकोलचा डबा होता, तो धुऊन बर्फ भरून मोरीत ठेवला. आप्पा रात्री दोनदा उठले आणि दोन्ही वेळा मला हाक मारली, "मग कुठे ठेवला?" सगळ्या वाड्याला कळलं.

केळी तीन दिवस बंद. चोरून खाल्ली का विचारलं तर शपथ घेतली, तीही बागेची.

रिपोर्ट परवा आला. दोन्ही आकडे मर्यादेत. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वर्षीही असंच जळगावातून पाठवा, फक्त जनुकांच्या तपासणीआधी समुपदेशनासाठी एकदा या. ते दिवाळीनंतर. मी आणि भाऊ दोघंही सोबत जाणार आहोत. खरं सांगू, आप्पांच्या रिपोर्टपेक्षा त्याचीच धाकधूक जास्त आहे.

कॅन देऊन लॅबच्या पायऱ्या उतरलो तर समोरच केळ्याची गाडी. आप्पा थेट तिकडे. दोन केळी उभ्यानेच खाल्ली आणि मग भाव विचारला. डझनाचा आकडा ऐकून गाडीवाल्यालाच सुनावलं, "मले बागेत काय भेटते माहीत आहे का तुले?" तो बिचारा म्हणाला, बाबा, मी काय करू, मी पण विकतच आणतो. घरी येईपर्यंत व्यापारी, कटती आणि करपा. फिरोजबाईचा विषयच नाही.

भुसावळकर

ते चिडले तेव्हा बीपी मोजलं का?

तापीकाठची

मोजलं. १३४/८२.

पिपेट

अभिनंदन. कॅनवर सुरू केल्याची वेळ लिहिली होती ना?

तापीकाठची

लिहिली होती. आप्पांनी स्वतः. खाली सहीसुद्धा केली.